नसलेला ब्रेक

"…म्हंजी गाडी माझीच राहणार, उस्ताद. रंग आन् नाव तेवढं त्यांचं. यात वाईट काय हाय, तेवढं सांगा."

इब्राहिम उस्ताद काही बोलले नाहीत. ते एका तापलेल्या ट्रकच्या रेडिएटरमध्ये पाणी ओतत होते, आणि पाणी ओतताना तोंड उघडलं की पाणी सांडतं असं त्यांचं म्हणणं होतं.

भानुदास शेंडगे कमरेवर हात ठेवून वाट बघत राहिला. वाट बघणं हा त्याचा प्रांत नव्हे.

उस्तादांनी सगळा जन्म ट्रकवर काढला. साठी उलटल्यावर गाडी विकली आणि घाटमाथ्यावरच्या पिराशेजारी छप्पर घातलं. चढ चढून आलेल्या गाड्यांना पाणी द्यायचं आणि ड्रायव्हरांना चहा, एवढाच आता त्यांचा उद्योग. गाडी विकली त्या दिवशी त्यांनी मागं वळूनसुद्धा बघितलं नाही, असं घाटातले लोक सांगत.

भानुदास त्यांच्याच हाताखाली क्लीनर होता. स्टिअरिंगला पहिला हात त्यानं उस्तादांच्या मांडीला मांडी लावून लावला. त्यामुळे लग्न ठरलं की विचारायला उस्ताद, गाडी घ्यायची की विचारायला उस्ताद. विचारायचं त्यांना आणि करायचं आपल्याच मनासारखं, ही त्याची जुनी रीत. उस्तादांनाही ती पाठ होती, त्यामुळे कुणाचंच काही बिघडत नसे.

या खेपेला मात्र त्याचं मन दोन्हीकडे ओढ घेत होतं.

पाणी भरून झालं. उस्तादांनी झाकण घट्ट लावलं, ट्रकवाल्याला हात दाखवला आणि चहाचा पेला घेऊन ते बाजेवर येऊन बसले.

"हां. आता बोल."

"कंपनी गाडी अटॅच करून घेतीय. माल त्यांचा, रस्ता त्यांचा. एक आठवडा मी चालवायची, एक आठवडा त्यांचा ड्रायव्हर. तवर मी घरी."

"बरं हाय की."

"बरं हायच. आता बघा, माल उतरवला की दलालाच्या दारात बसायचं. परतीचा माल मिळंल तवा मिळंल. पोरगी मला बघून दाराआड लपती, उस्ताद. कोण आलंय म्हणून आईला विचारती…"

हे सांगताना त्याचा आवाज जरा बसला. एरवी भानुदासचा आवाज बसायचा तो फक्त सर्दीनं.

"मग दे की अटॅच."

"पर पुन्हा वाटतं, आपली गाडी ती आपली गाडी. आपल्या मनाला यील तवा निघायचं. कुणाच्या बापाचं ऐकायचं न्हाई."

"मग नको दिऊस."

भानुदासनं कपाळावर हात मारला. "तुम्ही दोन्हीला हो म्हणताय."

"तू दोन्ही इचारतोयस."

समोर भानुदासची गाडी उभी होती, साखरेच्या पोत्यांनी भरलेली. काचेच्या वर पिवळ्या अक्षरांत 'कु. मोहिनी' असं पोरीचं नाव होतं आणि दोन्ही बाजूंना एकेक मोर होता. घाटाच्या पायथ्याच्या हॉटेलावर कंपनीचा माणूस रंगारी घेऊन बसला होता. आज होकार दिला की पोत्यांसकट गाडी तिथंच निळी व्हायची, मोरांसकट.

"काय ते आजच सांगायचंय," भानुदास म्हणाला.

उस्तादांनी चहाचा शेवटचा घोट घेतला आणि हात पुढं केला.

"किल्ली दे."

"आं?"

"खाली जायचंच हाय न्हवं? मी उतरवतो गाडी. तू बस क्लीनरच्या जागी. लई दिवस झाले, जरा आराम कर."

भानुदासनं किल्ली दिली खरी, पण हात पटकन सुटला नाही. या घाटात आपल्यासारखी गाडी उतरवणारा दुसरा कुणी नाही, असं तो कुणी न विचारताही सांगत असे. आता सांगण्याची सोय नव्हती, कारण उतरवणारा त्याला शिकवणारा होता.

गाडी निघाली.

पहिल्याच वळणावर भानुदास म्हणाला, "उस्ताद, पिराला हॉर्न दिला न्हाई."

या घाटात उतरणीला लागताना पिराला एक हॉर्न द्यायचा, हा रिवाज. न देणारा ड्रायव्हर अजून जन्माला यायचा होता.

"मी त्याच्या शेजारी राहतो," उस्ताद म्हणाले. "सकाळ-संध्याकाळ भेटतो आमी. त्याला झोपू दे की."

भानुदासनं मनातल्या मनात पिराची माफी मागितली.

"खालचा गिअर टाका, उस्ताद."

"खालच्यातच हाय."

"डाव्या अंगाला खडी हाय बघा."

"दिसली."

"समोरनं टँकर…"

"भानू, त्यो टँकर मला दिसायला नको म्हणून त्येला लाल रंग दिला नसंल."

भानुदास गप्प बसला. पण गप्प बसणं फक्त तोंडाला जमलं. मान वळणाआधी वळत होती, डावा हात नसलेला गिअर शोधत होता आणि आरशात काही दिसत नसतानाही डोळे सारखे आरशाकडे जात होते.

उस्ताद मजेत होते. काच खाली करून, ओठ न हलवता काहीतरी गुणगुणत त्यांनी गाडी अशी उतरवली, की पोत्यांना आपण घाटात आहोत हे कळलंही नसेल. ब्रेकला पाय लागत होता तो अगदी गरजेपुरता. भानुदासला हे दिसत होतं. असं उतरणं आपल्याला जमत नाही हेही त्याला कळत होतं, आणि त्याचा थोडा रागही आला.

मधल्या मोठ्या वळणावर एक म्हैस आडवी आली. उस्तादांनी हळूच वेग कमी केला, म्हैस तिच्या सवडीनं गेली आणि गाडी पुढं निघाली.

"घाबरलास?"

"मी? छ्या."

"बरं."

पायथ्याचं हॉटेल आलं. उस्तादांनी गाडी एका बाजूला घेतली, इंजिन बंद केलं आणि किल्ली भानुदासच्या हातात ठेवली.

"पोचलो. उतर."

भानुदास उतरायला गेला आणि जागच्या जागी थांबला. उजवा पाय पोटरीपासून आखडला होता. त्यानं पाय चोळला. मग खाली बघितलं.

क्लीनरच्या जागेपुढचं रबरी पायपुसणं गोळा होऊन पार कोपऱ्यात गेलं होतं. त्याच्या उजव्या चपलेचा अंगठा तुटला होता.

"काय झालं रं?" उस्तादांनी विचारलं.

"काय न्हाई."

"सबंध घाट तू काय दाबत हुतास?"

भानुदासनं वाकून पायपुसणं ओढलं आणि जागेवर पसरलं.

"मी म्हणलं, माझ्या पायाखालचा ब्रेक बारीक लागतोय, तर तुझ्याकडं एक जादा बसवलाय का काय."

आता मात्र भानुदासला हसू फुटलं. त्याला मागच्या दिवाळीचं आठवलं. एसटीनं सासरवाडीला जाताना शेजारी बसलेली बायको, रखमा, सगळ्यांदेखत म्हणाली होती, "अवो, एसटी त्यो ड्रायव्हर चालवतोय, तुमी निवांत बसा की." अख्खी एसटी हसली होती. तो तेवढा हसला नव्हता. त्या दिवशीही पाय असाच आखडला होता आणि त्यानं दोष सीटला दिला होता.

"उस्ताद…"

"मागं तो अंकुश आलता. तुझ्यासारखाच. अटॅच करू का नको, हेच इचारत. त्येला बी असाच खाली आणला."

"मग?"

"दुसऱ्या वळणाला घोराय लागला."

"त्याला काय सांगितलं?"

"काय सांगायचं? झोपला हुता. गाडी हाटेलाम्होरं लावली आन् मी दुसऱ्या ट्रकनं वर घराकडं निघालो. आता कंपनीत हाय, खुशीत हाय. वजन बी वाढलंय."

भानुदासनं लांब बघितलं. हॉटेलच्या सावलीत कंपनीचा माणूस उभा राहिला होता. त्याच्या शेजारी रंगाऱ्यानं निळ्या रंगाचा डबा उघडला होता आणि तो काडीनं ढवळत होता.

"पर पोरगी, उस्ताद… घरी बसायला मिळंल म्हणून तर…"

"गाडी दुसऱ्याच्या हातात घाटात असंल, आन् तू घरी पोरीला मांडीवर घिऊन बसशील."

"व्हय."

"पाय कुठं असंल?"

त्याला स्वतःचं घर दिसलं, चूल दिसली, मांडीवर मोहिनी दिसली. आणि जमीन दाबून धरणारा पायही दिसला. पोरगी 'बाबा, पाय का हलवता' म्हणून विचारत होती.

"मग पोरीचं काय करू मी?" त्यानं विचारलं. या वेळी कमरेवर हात नव्हते.

"तुझ्या शेजारची ही जागा रिकामीच असती न्हवं? शाळंला सुट्टी लागंल तवा मायलेकींना बसव. समुद्र दाखव. बाप कोण हाय ते कळंल तिला."

तेवढ्यात रंगारी ब्रश घेऊन आला. बोलायला गोड माणूस होता. त्यानं मोरांकडे बघून जरा चुकचुकल्यासारखं केलं आणि विचारलं, "शेठ, नावापासनं सुरू करू का दारापासनं?"

भानुदासनं तोंड उघडलं. मग उस्तादांकडे बघितलं.

उस्ताद तिथं नव्हतेच. घाट चढायला निघालेल्या एका विटांच्या ट्रकला त्यांनी हात केला होता आणि ते क्लीनरच्या बाजूनं वर चढतही होते. ट्रक चालवणारा कालपरवाच मिसरूड फुटलेला होता. त्यानं गिअर टाकला तेव्हा सगळी गाडी कण्हली. भानुदासच्या अंगावर काटा आला. उस्तादांनी साधं वळूनही बघितलं नाही.

भानुदास तुटकी चप्पल फरपटत खिडकीखाली धावला.

"उस्ताद, सांगून तर जावा. कधीच द्यायची न्हाई का मग गाडी?"

उस्तादांनी चपला काढून खाली ठेवल्या, दोन्ही पाय वर घेऊन सीटवर मांडी घातली आणि डोळे मिटले.

"असं बसाय आलं," ते म्हणाले, "की रंगाऱ्याला बोलव."