हैबत

“भय गेल्याची खूण कोणती, आक्का?”

हैबतीनं मठाच्या ओसरीवर टेकता टेकताच विचारलं. रामराम नाही, पाण्याचा घोट नाही. बारा वर्षांनी आला होता आणि प्रश्न असा टाकला, जसं काही उत्तर त्याच्या खिशातच होतं.

चंद्राक्का सुपात तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मानही वर केली नाही.

“तुला काय वाटतं?”

“काही वाटत नाही. तीच खूण!”

बारा वर्षांपूर्वी याच ओसरीवर त्यानं आक्कांकडे दीक्षा मागितली होती. “भ्यायचं थांबलास की ये,” एवढंच त्या म्हणाल्या होत्या. झालं! नावातच हैबत, म्हणजे धास्ती, असलेला गडी हट्टाला पेटला. मसणवटीत बसला, सापाच्या बिळाशी बसला. पण कसलं काय, घरी मांजरानं भांडं पाडलं तरी दचकून उभा राही. बारा वर्षं नुसतं पालथ्या घड्यावर पाणी.

आणि आता...

“येताना खाली बारवेच्या काठाला टेकलो,” हैबती म्हणाला. “भर बारा वाजता. पाण्यातून हाक आली. मठातल्या गणपानाथाचा आवाज.”

“गणपाला जाऊन सहा वर्षं झाली.”

“म्हणूनच सांगतोय. पण अंगावर काटा नाही, काही नाही.”

“ओ दिलीस?”

“दिली की.”

“कितव्या हाकेला?”

“पहिल्याच.”

आक्कांचा हात सुपात थांबला.

त्या भागात शेंबडं पोरही जाणतं, की एका हाकेला ओ देऊ नये. माणूस असेल तर पुन्हा हाक मारतं. दुसरं कुणी असेल तर ते एकदाच मारतं.

“पुन्हा मारली का हाक?”

“नाही.”

...

आक्कांनी आता त्याच्याकडे नीट पाहिलं. ओठ काळवंडलेले, तळहाताच्या रेषासुद्धा काळ्या. मठाच्या जेमतेम चाळीस पायऱ्या, पण हा गडी दोनदा बसून वर आला होता. डोळे मिटू मिटू करत होते. हैबतीला मात्र सगळं छान वाटत होतं. गार, लांब, दुसऱ्याच कुणाचं चालल्यासारखं.

“भाकर खा,” आक्का म्हणाल्या.

भाकरीला त्यानं हात लावला नाही. ताटातलं मीठ तेवढं बोटानं टिपून खाल्लं. आक्कांनी आणखी चिमूटभर वाढलं. तेही गेलं. मग त्यांनी मूठभर मीठ ताटात ओतलं आणि बघत बसल्या. हैबतीनं ते गुळासारखं चाटूनपुसून संपवलं.

“आणखी आहे?” त्यानं विचारलं.

“मेलेलं माणूस मिठाला शिवत नाही,” आक्का पुटपुटल्या. “म्हणजे अजून आहेस तू.”

हैबती हसला. अशा बोलण्यानं एके काळी त्याला रात्र रात्र झोप लागली नसती.

“काखेतल्या पिशवीत काय आहे?”

त्यानं दोन डब्या आणि घडी घातलेला एक कागद काढून समोर ठेवला. दोन्ही मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारखी एकेक ग्रंथी असते, त्यातल्या एकीचा कॅन्सर झाला होता त्याला. ऑपरेशन करून ती काढली, आणि आता या गोळ्या.

“ही मोठी,” तो म्हणाला. “उरलासुरला कॅन्सर मारते. तुपाच्या घासाबरोबर घ्यायची, अख्खी. कुटायची नाही, उगाळायची नाही. एक वेळ चुकवली नाही मी.”

“आणि ही लहान?”

“ती सोडली.”

“कुणाला विचारून?”

हैबती ताठ बसला. हेच तर सांगायला तो एवढ्या पायऱ्या चढला होता.

“डॉक्टरीणबाई म्हणाल्या, संकट आलं की अंगाला उठवायचं काम या ग्रंथीचं. मोठी गोळी कॅन्सरबरोबर उरलेल्या ग्रंथीलाही जाळते. म्हणून ग्रंथीचं काम करायला रोज लहान गोळी. मी म्हटलं, वा रे वा! बारा वर्षं जे साधलं नाही ते आयतंच साधलं. भयाची चूलच विझली. आता पुन्हा सकाळ-दुपार ते भय गिळू कशाला? पाच दिवस झाले सोडून. आक्का, मी मोकळा झालो!”

 आक्कांनी मोठ्या गोळ्यांची डबी उचलली, झाकण फिरवलं आणि गोळ्या ओतून घ्यायला तळहात पुढे केला.

“आक्का, नको!”

हैबतीनं झडप घालून डबी हिसकली. सूप उलटलं, तांदूळ ओसरीभर झाले.

“हात नका लावू! दुसऱ्यानं हातमोज्याशिवाय शिवायचं नाही त्याला. जहाल औषध आहे ते. तुम्हाला काही झालं असतं म्हणजे...”

तो मध्येच थांबला. डबी त्यानं छातीशी कवटाळली होती.

...

“काय झालं रे?” आक्कांनी शांतपणे विचारलं.

हैबती डबीचं झाकण घट्ट लावू लागला.

“भय गेलं नाही, लेकरा. ते आत उपाशी पडलंय. तो कागद वाच. पोथी वाचतोस तसा, मोठ्यानं.”

त्यानं कागद उलगडला. अक्षरं हलत होती.

“लहान गोळी आपल्या मनानं कधीही बंद करू नये... ताप, उलट्या, चक्कर, मिठाची हाव, फार गळाठा आल्यास वाट बघू नये. ताबडतोब दवाखान्यात यावे. इंजेक्शन द्यावे लागेल. अन्यथा जिवास...”

त्यानं कागद खाली ठेवला.

“आक्का,” तो हळूच म्हणाला, “सकाळपासून मला दोनदा उलटी झालीय.”

आक्का ताडकन उठल्या. अठ्ठ्याहत्तरीची बाई, पण पायरीवर जाऊन जीपवाल्याला अशी हाक मारली की खालचे बगळे उडाले. “दत्तूऽ!” आणि पुन्हा, “अरे दत्तूऽ!” खालून ओ आली.

मग त्यांनी कागदावरचा नंबर मठाच्या फोनवरून लावला. पलीकडून डॉक्टरीणबाई चांगल्याच कडाडल्या. लहान गोळी आत्ता द्या, पण तिच्यावर विसंबू नका, इंजेक्शनची तयारी करते, निघा! हैबतीनं गोळी दुधाबरोबर गिळली. दत्तू वर आला, आणि दोघांनी त्याला दोन्ही बाजूंनी धरून उतरवायला घेतलं.

पायऱ्या संपल्या की बारव लागते. तिथे पोचले मात्र...

“हैबतीऽ”

खालून, पाण्यातून.

हैबतीच्या मानेवरचे केस उभे राहिले.  ओ द्यायला तोंड उघडलं होतं, ते त्यानं दातांवर दात घट्ट दाबून मिटलं.

तिघं उभे राहिले.

...

दुसरी हाक आली नाही.

“ऐकलंत, आक्का?”

“मी कशाला ऐकू? नाव तुझं होतं.”

हैबतीनं त्यांचा दंड घट्ट धरला. लहान मुलासारखं रडू फुटलं त्याला. “आक्का, मला मरायचं नाही. फार भीती वाटतेय हो. बारा वर्षं फुकट गेली माझी.”

आक्कांनी त्याला जीपमध्ये बसवलं. कागद घडी करून त्याच्या वरच्या खिशात घातला, दवाखान्यात चटकन दिसेल असा. लहान गोळ्यांची डबी त्याच्या मुठीत दिली आणि बोटं एकेक करून तिच्यावर मिटवली.

“आणि दीक्षा?” त्यानं विचारलं.

“दिली की. रोज हैबत खात जा, हैबती. एक दिवस चुकवू नकोस.”