झिऱ्यावरचा उपरा कोल्हा

खडकाळ डोंगरामागच्या एका रानात एक तरुण सायाळ आपल्या म्हाताऱ्या आईबरोबर राहत असे. उन्हाळ्यात तिथला ओढा आटला, की सगळे प्राणी पात्रातल्या वाळूत खड्डा खणून झिरा काढत. या झिऱ्याची एक रीत होती. जो प्यायला येई, त्याने आधी आत घसरलेली वाळू उपसायची आणि मगच पाण्याला तोंड लावायचे. त्यामुळे झिरा कधी बुजत नसे.

एका वर्षी मोठा दुष्काळ पडला. कंदमुळे संपत आली आणि पोटासाठी एकेक जण दूरच्या नदीकाठच्या रानाकडे निघाला. सायाळीचा मात्र घरातून पाय निघेना. शेवटी ती आईला म्हणाली, "आई, तुझ्याने एवढी वाट चालवणार नाही. पण मी गेले तर तेवढेच एक तोंड कमी. उरलेले कंद आणि पाणी तुला पुरेल."

"जा बाई, पोटभर खा," आई म्हणाली. "माझ्या एकटीचं काय, भागेल कसंतरी."

लेक निघाली. गुणाची होती हो ती, पण मुलांनो, गुणी लेकरांचेही अंदाज चुकतात! प्यायला तोंडे कमी झाली, तसे वाळू उपसायला पंजेही कमी झाले, हे तिच्या ध्यानातच आले नाही.

नदीकाठी कंद भरपूर होते. तिथले प्राणी तिला 'उपरी' म्हणून हाक मारत, ते तिला फार लागे. पण पोट भरत होते, म्हणून ती गप्प राही. एके दिवशी डोंगराकडून आलेला पारवा तिला म्हणाला, "अगं, तुमचा झिरा बुजत चाललाय. मी निघालो तेव्हा तुझी म्हातारी एकटीच वाळू उकरत बसली होती. नखं पार झिजलीत बिचारीची." हे ऐकताच हातातला कंद तिथेच टाकून ती घराकडे धावत सुटली.

धापा टाकत ती ओढ्यात पोचली, तो काय! एक अनोळखी कोल्हा खांद्यापर्यंत झिऱ्यात शिरलेला! सायाळीने सगळे काटे ताठ केले. "वा रे वा, आयत्या बिळावर नागोबा! माझ्या आईचं पाणी पितोस? चालता हो इथून, उपऱ्या!"

कोल्हा निमूटपणे बाजूला झाला. त्याचे पुढचे पंजे ओल्या वाळूने माखले होते. त्याच्या मागे आई बसली होती. ती थकली होती, पण जिवंत होती.

"आधी ते काटे खाली घे," आई म्हणाली. "हा पलीकडच्या माळावरून आलाय. तिथं वाळूखालीसुद्धा पाणी उरलं नाही. मी याला आपली रीत सांगितली. तेव्हापासून रोज वाळू उपसतो, आधी मला पाजतो आणि मग स्वतः पितो. हा नसता, तर आज तुला माझी हाडंच दिसली असती."

सायाळ शरमेने चूर झाली. तिला स्वतःला इतका बोचणारा शब्द तिने आईच्या जीवदात्याला ऐकवला होता. तिच्या डोळ्यांना धार लागली.

"ताई, उपकार तर आजीचे आहेत," कोल्हा हळूच म्हणाला. "माझी आई वाटेतच गेली. इथं आजीनं मला पाणी दाखवलं, मायेनं जवळ बसवलं. आता घरची लेक आली. माझं काय काम? येतो मी."

तो वळला, तशी सायाळ त्याच्या वाटेत आडवी उभी राहिली.

"माझी आई तू जगवलीस. तुझे उपकार मी जन्मभर विसरायची नाही," ती म्हणाली. "आणि घरातलं एक परत आलं, की घरातल्याच दुसऱ्यानं निघून जायचं, ही कुठली रीत?"

तात्पर्य : आपण सोडून गेलेली जागा जो स्वतःच्या कष्टाने भरून काढतो, त्याला उपरा म्हणू नये, त्याचे उपकार मानावेत आणि त्याला आपल्यात सामावून घ्यावे.