दार नसलेली वेस

रोकित्नोवला वेस आहे, पण वेशीला दार नाही. चेक देशातल्या मोराव्हिया प्रांतात टेकडीवरचं हे जुनं गाव. दक्षिणेकडून तळ्याच्या काठाने चढून आलं की दगडी कमान लागते आणि कमानीच्या दोन्ही अंगांना दंडाएवढ्या जाड लोखंडी बिजागऱ्या भिंतीत तशाच आहेत. त्यांना तेल घालतात. दर ऑक्टोबरात नगरपालिकेचा माणूस शिडी घेऊन येतो आणि ज्या बिजागऱ्यांवर काहीही टांगलेलं नाही, त्यांना तेल घालून जातो. पाहुणे त्याचा फोटो काढतात आणि हसतात. पहिल्या वर्षी मीही हसले होते.

दुसरी बघायची गोष्ट चौकात आहे. चौकाभोवती एकोणीस घरं, खांद्याला खांदा लावून उभी. सगळ्यांच्या भिंतींवर काळ्या-पांढऱ्या चौकोनांची नक्षी आहे. प्रत्येक चौकोन बंद पाकिटासारखा दिसतो, म्हणून इथले लोक त्यांना चिठ्ठ्याच म्हणतात. मात्र प्रत्येक घराच्या दाराशेजारी, छातीच्या उंचीवर, एक चौकोन कोरा आहे. नुसता पांढरा चुना. ही वेस आणि हा कोरा चौकोन, दोन्हींची हकिकत एकच आहे.

मी ती सांगते, म्हणून मी कोण तेही सांगायला हवं. मी कुमुद, मूळची मिरजेची. माझा नवरा झ्देन्येक आपल्याकडे साखर कारखान्याची यंत्रं बसवायला आला होता, आणि परत जाताना मला घेऊन गेला. त्याला चाळीस वर्षं झाली. आता तो नाही, सासूबाई नाहीत, चौकातलं एकोणिसावं घर माझ्या नावावर आहे. आपल्याकडचं कुणी आलं की गाव दाखवायचं काम आपोआप माझ्या गळ्यात पडतं. गेल्या ऑक्टोबरात इस्लामपूरचे दिनकरराव मोहिते, त्यांच्या पत्नी शालनताई आणि मुलगी ऋतुजा आले. ऋतुजाला जवळच्या शहरातल्या प्रयोगशाळेत दोन वर्षांचं काम लागलं होतं आणि माझ्या वरच्या मजल्यावरची खोली तिने घेतली होती. आईबाप चार दिवसांनी परतणार होते. बॅगा दारात ठेवून आम्ही उभे होतो.

"आत बसून बोलू की ताई," शालनताई म्हणाल्या. "गार लागायलंय."

मी म्हटलं, आत जायच्या आधी हे ऐकायचं असतं. मला माझ्या सासूबाईंनी, मिलाडाबाईंनी, असंच दारात उभं केलं होतं, आणि तेव्हा डिसेंबर होता.

त्यांनी शाल घट्ट केली. मग जे त्यांच्या मनात विमानात बसल्यापासून असणार, ते बोलल्या. "ऐकते. पण मला एक सांगा, आम्ही गेल्यावर इथं पोरीचं कोण हाय वो?"

मी म्हटलं, तेच सांगते आहे.

साडेचारशे वर्षांपूर्वी हे गाव जळलं, असं सांगतात. एका बेकरीच्या भट्टीतून आग उठली आणि चौक सकाळपर्यंत कोळसा झाला. ज्या सरदाराच्या ताब्यात गाव होतं, त्याने घरं पुन्हा बांधायला लाकूड दिलं, पण अट घातली. चौकातली एकोणीसही घरं नव्या पद्धतीने नक्षीदार गिलाव्याची झाली पाहिजेत, आणि तीही सेंट मार्टिनच्या दिवसाआधी, म्हणजे अकरा नोव्हेंबरच्या आत. ज्याची भिंत अपुरी, त्याचा बिअर बनवायचा हक्क गेला. हा हक्क फक्त चौकातल्या घरांना होता. आळीपाळीने एकेक घर बिअर बनवायचं आणि त्यावर वर्षभर खायचं. तेव्हा भिंत हा हौसेचा मामला नव्हता.

नक्षीचं काम इथे कुणाला येत नव्हतं. म्हणून डोंगरांपलीकडून, दक्षिणेकडून गवंडी बोलावले. त्यांची टोळी वसंतात आली आणि ऑगस्टअखेर, खिंडीत बर्फ पडायच्या आत, परत गेली. एक जण मागे राहिला. त्याचं नाव बाल्दो. त्याला इथेच राहायचं होतं. का, ते कुणी सांगत नाही. मी एकदा सासूबाईंना विचारलं, तर त्यांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाल्या, "तू राहिलीस ना? मग?"

पण गावात राहणं सोपं नव्हतं. कायदा होता की सूर्य बुडताना घंटा झाली की वेशीची दारं लागायची, आणि परक्या माणसाने त्याआधी बाहेर पडायचं. आत झोपायचं असेल तर चौकातल्या एका घरमालकाने त्याची हमी घ्यायची. हमीची रीत ठरलेली होती. परक्याने घराच्या भिंतीवर तळहात टेकवायचा, मालकाने त्यावर आपला हात ठेवायचा आणि शेजाऱ्यांच्या देखत म्हणायचं, "हा माझा." एवढं झालं की तो माणूस गावचा. पुढे त्याने काही आगळीक केली, तर त्या घराची वर्षाची बिअरची पाळी गेली.

बाल्दो दिवसभर भिंती करायचा. आधी काळा गिलावा, त्यावर पांढऱ्या चुन्याचा हात, आणि चुना ओला आहे तोवर लोखंडी सळईने खरवडून खालचा काळा उघडा करायचा. दिवसाभरात जेवढं खरवडून होईल, तेवढाच चुना लावायचा. काम तो सुरेख करायचा, त्याबद्दल गावात दुमत नाही. संध्याकाळी घंटा झाली की सळया पुसून वेशीबाहेर जायचा. तिथे चुन्याचा खड्डा होता. भाजलेल्या चुन्यावर पाणी ओतलं की तो उकळतो, आणि पहाटेपर्यंत खड्डा चुलीसारखा गरम राहतो. रोज संध्याकाळी तो दुसऱ्या दिवसाचा चुना विझवायचा आणि त्या उबेला झोपायचा.

आता लोक काही वाईट नव्हते. त्याची हमी घ्यायची नाही, असं एकही घर म्हणालं नाही. पण हमीला भिंतीवर हात टेकवावा लागतो, आणि ज्या घराचं काम चाललं होतं त्या घराची भिंत ओली होती. "चुना जरा धरू दे, मग बघू," मालक म्हणायचा. चुना धरायला दोन-तीन आठवडे लागतात. तोवर बाल्दो पुढच्या घरी गेलेला असायचा, आणि मागचा मालक म्हणायचा, आता ज्याच्याकडे काम करतो आहे त्याने हमी घ्यावी. कुणीतरी दाराच्या चौकटीवर हात ठेवून भागवून घेतलं असतं, पण कायद्यात भिंत लिहिली होती. भिंत म्हणजे भिंत. चाळीस वर्षं या लोकांबरोबर काढली आहेत, म्हणून सांगते, ही चूक जगात फक्त हेच करू शकतात. नियम मोडायचा नाही म्हणून माणूस बाहेर ठेवतील, आणि वर त्याला रोज दुपारी गरम सूप पाजतील.

असं करत, टोळीने केलेली आणि त्याने एकट्याने केलेली मिळून, अठरा घरं झाली. आज त्या अठरा घरांत विचाराल तर प्रत्येक जण सांगेल, आमचा पूर्वज हमी घेणारच होता. सातव्या घरातले तर दिवससुद्धा सांगतात.

एकोणिसावं घर वोर्शिला नावाच्या विधवेचं होतं. म्हणजे हेच, ज्याच्या दारात आपण उभे आहोत. मागच्या अंगणात जी विहीर आहे, तिच्याच पाण्यावर गावाची सगळी बिअर व्हायची. बाई कडक होती, पण बोलल्या शब्दाची पक्की. तिने पहिल्याच दिवशी बाल्दोला सांगितलं होतं, "माझी भिंत झाली की हमी माझी. मग हिवाळाभर माझ्याकडे राहा."

सेंट मार्टिनच्या आदल्या दिवशी काम संपत आलं. थंडी एकदम उतरली होती, आणि अशा थंडीत गिलावा करत नाहीत, पण मुदतच तशी होती. उरलेला सगळा चुना त्याने शेवटच्या पट्ट्यावर लावला आणि वरून खाली खरवडत आला. दाराशेजारचा एकच चौकोन राहिला तेव्हा घंटेची वेळ झाली होती.

तो परांचीवरून उतरला आणि म्हणे, त्याने वोर्शिलाला विचारलं, "हा चौकोन राहू दे का? इथे हात टेकवतो."

तिने भिंतीकडे बघितलं. उद्या सरदार स्वतः बघायला येणार होता. ओल्या चुन्यावर पंजाचा छाप उमटला असता आणि घराची पाळी पणाला लागली असती. ती म्हणाली, "उद्या. सकाळपर्यंत जरा कडक होऊ दे. तो आला की त्याच्या देखतच हमी घेते."

त्याने मान डोलावली, सळया पुसल्या आणि घंटेबरोबर बाहेर पडला. दारं लागली.

चुना संपला होता, हे त्या वेळी एकाच्याही लक्षात आलं नाही. काम संपलं म्हणजे दुसऱ्या दिवसासाठी विझवायला काही उरलं नव्हतं, आणि खड्डा गार होता. त्या रात्री तळं काठापासून मध्यापर्यंत गोठलं. सकाळी पहारेकऱ्याने दार उघडलं तर बाल्दो रिकाम्या खड्ड्यात, सळयांची पिशवी उशाला घेऊन निजलेला होता. त्याला उठवता आलं नाही.

सरदार आला, भिंती बघून खूश झाला. कोऱ्या चौकोनाबद्दल त्याने विचारलं, तेव्हा वोर्शिला म्हणाली, "ती जागा एका माणसाची आहे. मी त्याला उद्या म्हणाले होते." आणि सगळ्या गावासमोर तिने त्या चौकोनावर हात टेकवून शपथ घेतली की वेशीची दारं उतरेपर्यंत तिच्या विहिरीतून एक घागर पाणी कुणाला मिळणार नाही. तिची स्वतःची बिअरची पाळी पुढच्याच आठवड्यात होती. तीही तिने सोडली. घरात तीन मुलं होती आणि वर्षाची कमाई त्यावर होती, हे विसरू नका.

गावाने आधी समजूत घातली, मग धमक्या दिल्या. दुसऱ्या विहिरींच्या पाण्यावर बिअर करून पाहिली, ती म्हणे डुकरांनीही प्यायली नाही. चेक माणूस आग सोसेल, लढाई सोसेल, पण बिअरशिवाय नाताळ त्याला सोसत नाही. अ‍ॅडव्हेंटच्या, म्हणजे नाताळाआधीच्या चार आठवड्यांतल्या, तिसऱ्या रविवारी अठरा घरांचे अठरा मालक हातोडे घेऊन वेशीवर गेले आणि त्यांनी दारं उतरवली. त्या ओकच्या फळ्यांची टेबलं केली. चौकातल्या खानावळीत तुम्ही दुपारी ज्या लांब टेबलावर जेवलात, ते त्यातलंच एक, असं मालक तरी सांगतो. मग प्रत्येकाने आपल्या दाराशेजारची एक चिठ्ठी खरवडून काढली आणि तिथे कोरा चुना लावला. तेव्हापासून रीत पडली. जो कुणी घरात राहायला येईल, त्याचा हात पहिल्याच दिवशी, घंटेआधी, त्या चौकोनावर टेकायचा. चुना ओला असो की सुका. तिथे उद्या म्हणायचं नाही.

गोष्ट इथे संपते. माझी सांगायची तर, मी आले तेव्हा मला चेक भाषेतला एक शब्द येत नव्हता, दारात उभं राहून ही गोष्ट मी न कळताच ऐकली. मिलाडाबाईंना मी सून म्हणून मुळीच नको होते, आणि ते त्यांनी पुढे सहा वर्षं लपवलं नाही. तरी त्या संध्याकाळी त्यांनी माझा हातमोजा स्वतः ओढून काढला, माझा हात भिंतीवर दाबला, त्यावर आपला ठेवला आणि शेजाऱ्यांना ऐकू जाईल एवढ्याने ते दोन शब्द म्हणाल्या. अर्थ मला आठवड्याने कळला, आणि मी न्हाणीघरात जाऊन रडले.

दिनकरराव चष्मा पुसत होते. समोरच्या बाकावर सतराव्या घरातल्या म्हाताऱ्या यार्मिलाबाई येऊन बसल्या होत्या, कारण साक्षीला शेजारी लागतो. मी त्यांना सकाळीच सांगून ठेवलं होतं.

ऋतुजाने विचारलं, "आजी, उजवा की डावा?"

"कुठलाही."

तिने उजवा टेकवला. मी त्यावर माझा ठेवला. चुना अगदी गार होता. तेवढ्यात शालनताई पुढे आल्या. "मी बी ठेवू का हात?"

मी नाही म्हटलं. भिंत राहणाऱ्याची असते, पाहुण्याची नाही, आणि हे म्हणताना मला स्वतःचाच राग आला. चाळीस वर्षांत मीही यांच्यासारखी झाले आहे. शालनताईंनी क्षणभर विचार केला. मग त्यांनी आपला हात भिंतीला न लावता माझ्या हातावर ठेवला. मी यार्मिलाबाईंकडे बघितलं. त्यांनी चष्म्यावरून नीट पाहून घेतलं आणि मान हलवली. भिंतीला लागला नव्हता, म्हणजे नियम मोडला नव्हता.

मी ते दोन शब्द म्हटले.

"काय म्हणालात?" शालनताईंनी विचारलं.

"ही माझी."

त्यांनी हात काढला नाही. 

"बरं," त्या म्हणाल्या. "आता तुमची बी."

मग घंटा झाली. ती आजही सूर्य बुडताना वाजते, आणि आजही ती वाजल्यावर रोकित्नोवात काहीच बंद होत नाही. आम्ही बॅगा उचलल्या आणि आत गेलो.