वैद्याच्या दारातल्या घंटा

फार जुन्या काळी, नद्यांवर अजून पूल नव्हते तेव्हा, एका नदीच्या दोन काठांवर दोन गावं होती. अलीकडच्या गावात एक वैद्य राहायचा, पलीकडच्या गावात एक वैद्यीण. दोघंही एकाच गुरूच्या हाताखाली शिकलेले.

त्या मुलखात एक रीत होती. आजारातून उठलेला माणूस पहिल्यांदा घराबाहेर पडला की वैद्याच्या दारी जायचा आणि त्याच्या ओसरीवर एक पितळी घंटा बांधायचा. अलीकडच्या वैद्याची ओसरी घंटांनी भरून गेली होती. वारा सुटला की सगळ्या एकदम किणकिणत, आणि वैद्य डोळे मिटून ऐकत बसे. खोटं कशाला बोला, माणूस गुणी होता. भर पावसात कुणी हाक मारली तरी पुढचं ताट सारून निघायचा.

वैद्यिणीच्या दाराला एकही घंटा नव्हती. "मुकं दार आहे तिचं," असं म्हणून वैद्य हसायचा.

ते हसू फार दिवस टिकलं नाही.

वैद्याकडे दूध घालणारी गवळण होडीनं पलीकडेही दूध नेत असे. एका सकाळी चरवी ओसरीवर टेकवून ती म्हणाली, "वैद्यबुवा, पलीकडं यंदा पावसाळ्यात एकाही पोराला हगवण लागली नाही."

"मग ती बाई दिवसभर करते तरी काय?"

"पाणवठ्यावर बसते नि गप्पा मारते," गवळण म्हणाली. "गुरं खालच्या अंगाला धुवा, प्यायचं पाणी वरच्या अंगाला भरा, पोरांना उकळून द्या. एवढंच सांगत असते. मला म्हणाली, माझ्याकडं कुणी आलं नाही की माझा दिवस चांगला गेला."

त्या दिवशी वैद्याला दूध गोड लागलं नाही.

आधी पाणवठा बघा, मग नाडी बघा, असं गुरू नेहमी सांगत. वैद्याला नाडी बघायला आवडायचं. वैद्यीण मात्र तेव्हाही तासन्‌तास नदीकाठी बसून पाणी कुठून येतं, कुठं जातं, ते बघायची. एकदा सगळ्या शिष्यांसमोर गुरू तिच्याकडे बोट करून म्हणाले होते, "हिला कळलं." दोनच शब्द, पण पायात मोडलेल्या काट्यासारखे ते वैद्याच्या मनात राहिले होते. आता तो काटा पुन्हा ठणकू लागला.

त्यातून लोकांच्या जिभेला कुठं हाड असतं? घंटा बांधायला आलेला एक म्हातारा जाता जाता बोलून गेला, "धाकटीला पलीकडंच द्यायची म्हणतो. तिकडं नातवंडं जगतात." वैद्यानं त्याची घंटा जरा जास्तच करकचून बांधली.

उन्हाळा सरत आला. गवळण पुन्हा ओसरीवर टेकली.

"एक विचारू का? माझ्या म्हशी मी वरच्याच घाटावर धुते. सासऱ्यांपासूनची जागा आहे ती. आता खाली नेऊ म्हणता? लांब पडेल, पण नेईन. पारावर सगळे म्हणतात, वैद्यबुवा सांगतील तसं करू."

उत्तर वैद्याच्या ओठावर होतं. पण ते दिलं असतं तर गाव म्हणालं असतं, आपल्या वैद्यानं पलीकडच्या बाईचं ऐकलं. त्यानं कोपऱ्यातली एक घंटा उगाच बोटानं हलवली.

"कशाला?" तो म्हणाला. "त्यांना नियम लागतात, कारण त्यांच्याकडं धड औषध देणारं कुणी नाही. तुम्हाला मी आहे ना?"

गवळणीला केवढा धीर आला. हे शब्द तिनं घरोघरी दुधाबरोबर वाटले.

पावसाळा आला, आणि वरच्या घाटाच्या पाण्याबरोबर आजार घराघरांत शिरला. वैद्य चिखल तुडवत दारोदार फिरला. त्यानं पुष्कळांना वाचवलं. ओसरीवर नव्या घंटांची गर्दी झाली. आणि सांगायला लाज वाटते, पण हा आवाज पलीकडे ऐकू जात असेल, या विचारानं त्याला सुख वाटलं.

मग गवळणीचा एकुलता एक मुलगा आजारी पडला. शेजारणी रडू लागल्या तर तीच त्यांना गप्प करी. "वैद्यबुवा आहेत," म्हणे. त्याच दिवशी ती तांबटाकडे जाऊन घंटाही घेऊन आली.

मुलगा वाचला नाही.

सुतक फिटल्यावर ती वैद्याच्या दारी आली. ओसरीवर चार माणसं बसली होती. तिनं पदराखालून घंटा काढली.

"भरवसा होता, म्हणून आधीच आणून ठेवली होती," ती म्हणाली. "आता ही कुठं बांधू?"

त्यांतली एक म्हातारी म्हणाली, "नशीब गं बाई. वैद्यबुवांनी काही कमी केलं का?"

"नाही," गवळण म्हणाली. "नशीबच माझं."

वैद्याला नुसतं गप्प बसायचं होतं. नशिबानं सगळा भार उचललाच होता. पण घंटेवरची तिची बोटं त्याला दिसली, आणि त्याच्यानं गप्प बसवेना.

"नशीब नाही," तो म्हणाला. "म्हशी खाली न्यायला हव्या होत्या. तू विचारलंस तेव्हाच मला ठाऊक होतं. ते पलीकडच्या बाईचं म्हणणं होतं, म्हणून मी नको म्हणालो."

गवळण ओरडली नाही. तिनं त्याच्याकडे पाहिलंही नाही. ती घरी गेली, पुढच्या म्हशीच्या गळ्यात ती घंटा बांधली आणि सगळा कळप खालच्या घाटाकडे हाकत नेला.

दुसऱ्या दिवशी वैद्यानं ओसरीवरच्या घंटा एकेक करून सोडल्या. तो दारोदार गेला आणि प्रत्येक गाईम्हशीच्या गळ्यात त्या स्वतः बांधून आला. आता एखादं जनावर वरच्या घाटाकडे वळलं की किणकिण ऐकू येई आणि कुणीतरी धावत जाऊन त्याला परतवी. पुढच्या पावसाळ्यात त्याला हाक मारायला क्वचितच कुणी आलं. गवळणीनं मात्र त्याच्या दारी पुन्हा कधी दूध घातलं नाही.

एकदा वैद्यीण होडीनं अलीकडे आली. रिकाम्या ओसरीकडे बघून म्हणाली, "दादा, तुझंही दार मुकं झालं की."

"उशिरा झालं," वैद्य म्हणाला. तेवढ्यात खालच्या घाटावरून एका म्हशीची घंटा वाजत आली. या वेळी त्यानं डोळे मिटले नाहीत.

म्हणून सांगतो: आजार बरा करणारा मोठा, आजार येऊच न देणारा त्याहून मोठा, आणि त्याचा हेवा करणारा वैद्य रोगाचाच सोबती.