पंतांनी जिवंत केलेला तांडेल

समुद्रकाठच्या एका संस्थानात चाल होती, की सरकारी चाकरीत माणूस दगावला तर त्याच्या घरी दरसाल धान्य आणि कापड पोचतं करायचं. पण कोठार होतं अंताजीपंत कारभाऱ्यांच्या हाती, आणि पंतांची मूठ अशी, की कोठारातले उंदीरही उपाशी राहावेत.

धाकू तांडेल सरकारी गलबत घेऊन गेला आणि वादळात सापडला. गलबताच्या फळ्या किनाऱ्याला लागल्या, धाकू काही लागला नाही. त्याची बायको जनाय मदत मागायला गेली, तर पंत म्हणाले, "प्रेत दाखव! प्रेत नाही तर मरण नाही, आणि मरण नाही तर धान्यही नाही."

दुसऱ्या दिवशी जनाय थेट दरबारात उभी राहिली. काल मोकळं असलेल्या कपाळावर आज ठसठशीत कुंकू! दरबारात कुजबुज झाली.

"बाई, हे काय?" राजेसाहेबांनी विचारलं.

"सरकार, काल पंतांनी माझा धनी जिवंत केला. देव त्यांचं भलं करो! आता मला मदत नको. धनी अजून सरकारच्या कामावरच आहे, तर तो परत येईस्तोवर त्याचा पगार तेवढा दरमहा घरी पाठवा."

राजेसाहेब मिशीतल्या मिशीत हसले. तांडेलाचा पगार धान्याच्या चौपट होता. पंतांना घाम फुटला.

"छे छे, सरकार! धाकू बिचारा केव्हाच बुडाला. मी लिहून देतो!"

संध्याकाळी धान्याची गाडी दारात आली. जनायनं पोरांना पोटभर जेवू घातलं, कपाळ पुसलं, आणि मग कुठं ती धाकूसाठी मनसोक्त रडली.