कासवाला ऐकू येत नाही

“पण चुकलं कुठे, तेवढं तरी सांगा ना, नाना!”

नाना एफुआ चुलीच्या जाळीवरचे मासे उलटत होत्या.

आपल्याकडे नाना म्हटलं की धोतर आणि तपकिरीची डबी डोळ्यांसमोर येते. घानाच्या किनाऱ्यावर तसं नाही. तिथे घरातल्या वडीलधाऱ्याला नाना म्हणतात, मग तो आजा असो की आजी. या नाना म्हणजे चांगल्या ठसठशीत आजी होत्या. मासे धुरावर सुकवून विकायच्या आणि गोष्टी सांगायच्या. आजूबाजूच्या गावांत त्यांच्या तोडीचं गोष्ट सांगणारं कुणी नव्हतं.

विचारणारा होता क्वामिना. शहरात राहून एकट्याच्या बळावर ॲनिमेशनपट करायचा. ना कंपनी, ना मालक. चित्रं त्याचीच, ती हलती करायचाही तोच. आणि करीन तर आफ्रिकेच्या लोककथाच करीन, हा हट्ट. कासवाने आभाळातून ढोल पळवला, ही गोष्ट त्याने नानांच्याच तोंडून रेकॉर्ड करून नेली होती. चार वर्षं तिच्यावर खपला होता.

सिनेमा छोटासाच, पण देखणा झाला. जाणत्यांनी वाखाणला. पण लोक तो हाताची घडी घालून बघत. कुणी हसत नसे, कुणी जागचं हलत नसे. संपला की शिस्तीत टाळ्या वाजवून घरी जात.

क्वामिनाचा जीव त्या टाळ्यांनी विटला होता. एका जाहिरात कंपनीने नोकरी देऊ केली होती. सोमवारी उत्तर द्यायचं होतं. एकदा हो म्हटलं की लोककथांना कायमचा रामराम.

“मला विचाराल तर,” तो म्हणाला, “दोष गोष्टीतच आहे. जुनी झाली ती.”

नानांनी हात पुसले.

“दाखव.”

त्याने माशांची टोपली पालथी घातली, तिच्यावर लॅपटॉप ठेवला. शेजारची अराबा आली. तिच्या मागून आणखी दोघी-तिघी आल्या आणि झाडाच्या सावलीत बसल्या.

कासव आभाळात पोचलं. पहारेकरी पेंगत होते. कासव पाय न वाजवता ढोलाकडे निघालं…

आणि नानांनी टाळी धरली. गाणं सुरू केलं. ‘कासवा रे, जातोस कुठं?’ असं काहीतरी. बायकांनी लगेच सूर उचलला.

क्वामिनाने दात आवळले. कासव पुढे सरकतच होतं. ते काहीतरी बोललंही, पण गाण्यात कुणाला काही कळलं नाही. गाणं संपेपर्यंत ढोल चोरीला गेला होता, कासव जमिनीवर आपटलं होतं, पाठीला तडे गेले होते आणि पडद्यावर क्वामिनाचं नाव आलं होतं.

नाना नावाकडे बघत राहिल्या.

“हे कासव बहिरं आहे का?”

“अं?”

“आम्ही एवढी हाक मारली. त्याने साधी मान वळवली नाही.”

“नाना, तो सिनेमा आहे. तो कसा थांबेल?”

“मी सांगत होते तेव्हा थांबलं होतं.”

“हो, पण ती गाणी मी काढून टाकली. सारखी मध्ये मध्ये येत होती. कोंबड्यांचे आवाज काढले, खोकले काढले.” एवढं सांगताना त्याच्या आवाजात जरा तोरा आलाच. “गोष्ट कशी स्वच्छ केली!”

“स्वच्छ…” नाना म्हणाल्या.

अराबाने तोंडावर हात दाबला.

त्या गावात गोष्ट ऐकायची रीत वेगळी आहे. गोष्ट रंगात आली की ऐकणाऱ्यांपैकी कुणीही उठतं, ‘थांब, त्या दिवशी मी तिथेच होते!’ असं ठणकावतं आणि गाणं धरतं. सांगणाऱ्याने मुकाट्याने थांबायचं. गाणं संपलं की पुढे जायचं. क्वामिनाला हे माहीत नव्हतं असं मुळीच नाही. लहानपणी तोही असा कितीदा उठला होता. पण शहरातल्या अंधाऱ्या थिएटरात कोण उठून गाणार, असं म्हणून त्याने त्यावर कात्री चालवली होती. शहाण्या माणसाला असलं काही सुचलं की त्याला कोण अडवणार?

“आता तू सांग,” नाना म्हणाल्या.

“काय?”

“गोष्ट. तोंडाने.”

क्वामिना हसला. चार वर्षं उशाशी घेऊन झोपलेली गोष्ट. डोळे मिटूनही सांगता आली असती.

त्याने सुरुवात केली. जेमतेम आभाळापर्यंत पोचला असेल, तोच अराबा उठली.

“थांब! त्या दिवशी मी तिथेच होते!”

गाणं झालं. क्वामिना जमिनीकडे बघत बसला. मग पुढे निघाला. दोन वाक्यं झाली नाहीत, तर दुसरी उठली.

“मीपण होते! कासवाच्या पाठीवर बसले होते!”

बायका खो खो हसल्या. पुन्हा गाणं.

“असं कसं सांगायचं, नाना? कुठे होतो तेच विसरलो!”

नानांनी नुसती ‘पुढे चल’ अशी मान हलवली.

त्याने कपाळ पुसलं आणि कासवाला कसंबसं ढोलाजवळ नेलं. अराबा पुन्हा उभी.

“थांब! मी तिथेच होते! ढोल काही रिकामा नव्हता हं!”

गाणं सुरू झालं आणि संपलं. सगळ्या त्याच्याकडे बघू लागल्या. आता पाळी त्याची होती.

क्वामिनाच्या सिनेमात ढोल रिकामा होता. त्यानेच तो तसा रंगवला होता.

“मग… आत काय होतं?”

“मला काय विचारतोस?” अराबा म्हणाली. “सांगणारा तू.”

ढोलात काय असेल? चार वर्षं तो या कासवाबरोबर राहिला होता, पण पुढे काय होणार हे जाणून घ्यावंसं त्याला आज पहिल्यांदाच वाटत होतं. खूप वाटत होतं.

“आत…” तो हळूच म्हणाला, “आत आभाळाची सासू झोपली होती. घोरत होती.”

अराबा हसता हसता टोपलीवर कलंडली. लॅपटॉप घसरला, तो कुणीतरी झेलला. गाणं उठलं आणि आपणही टाळी धरली आहे हे क्वामिनाला उशिरा कळलं. पुढे सासू जागी झाली. पहारेकऱ्यांची तारांबळ उडाली. ढोल खाली आला तो सासूसकट, आणि कासवाचं काय झालं ते मधल्या एका गाण्याने ठरवलं. क्वामिनाला अगदी मनापासून आनंद झाला. असा आनंद त्याला सिनेमा पुरा झाला त्या दिवशीही झाला नव्हता.

बायका आपापल्या चुलींकडे गेल्या. तो मात्र नानांच्या जवळ सरकला.

“नाना, सोमवारी मी त्या कंपनीला नाही म्हणतो.”

“म्हण.”

“सिनेमा पुन्हा करतो. गाण्याला जागा ठेवतो. तेवढा वेळ पडदा कोरा, आवाज बंद. लोकांनी गायचं.”

“ठेव.”

“पण ठेवू कुठे?”

नाना खाली वाकल्या, चुलीत एक लाकूड सरकवलं.

“तुझं सगळ्यात सुंदर चित्र कुठलं?”

त्याला आठवावं लागलं नाही.

“कासव दोराला धरून ढगांतून वर चढतं ते! एक अख्खं वर्ष घातलं मी त्यात. एकेक ढग हाताने रंगवला. तुम्ही बघितलात ना, खाली समुद्र कसा लहान लहान होत जातो, आणि मग ऊन त्याच्या पाठीवर असं…”

त्याचा हात हवेतच थांबला.

“नाना… ते नको.”

नानांनी एक मासा उलटला. मग दुसरा उलटला.

“तिथं आम्ही गाऊ,” त्या म्हणाल्या.