वाळ्याच्या झुबक्यातली परी

हौशीला वाटायचं, परी म्हणजे मोगऱ्यासारखी पांढरीशुभ्र, चांदण्याच्या पंखांची. पण तिला भेटलेली परी सावळी होती. इवल्याइवल्या पायांना ओला चिखल, केसांत तांबूस मुळं आणि पंख काकवीसारखे तपकिरी, सोनेरी कडांचे!

हौशीला आईबाप नव्हते. ती रावजीकाकाकडे राहायची. दोघं ओढ्याकाठी वाळा खणायची आणि त्याच्या सुवासिक मुळांच्या जुड्या विकून कशीबशी चूल पेटवायची. बाकीचे लोक मुळं कापून वरचा हिरवा झुबका फेकून देत. हौशी मात्र प्रत्येक झुबका पुन्हा मातीत रोवायची आणि म्हणायची, "वाढ हं, बाळा." अशाच एका झुबक्यातून त्या दुपारी परी बाहेर आली.

"तू माझं घर कधी मोडलं नाहीस," परी म्हणाली. "माग एक वर."

हौशीचे डोळे भरून आले. "आज अंबूआत्या येणार आहे, मला तिच्या गावी न्यायला. सगळे म्हणतात, रावजी घुम्या आहे, त्याच्याकडे पोर कोमेजेल. परीताई, माझ्या काकाला हसरा, गोडबोल्या कर ना! मग मला कुणी नेणार नाही."

"करीन. पण अट आहे." परीने चिमुकली काळसर कुपी पुढे केली. "हे अत्तर संध्याकाळी त्याला लाव. हुंगल्याहुंगल्या काही ठरवायचं नाही. वास अंगावर बसू द्यायचा. उद्या सकाळी येऊन पुन्हा माग."

"हे बायकांचं अत्तर की पुरुषांचं?"

"मातीला असं विचारतात का गं, वेडाबाई?" परी खुदकन हसली.

संध्याकाळी हौशीने काकाच्या मनगटावर अत्तर लावलं, आणि पाहुणी म्हणून आत्याच्याही हाताला.

"ईऽऽ! चिखलात हात घातल्यासारखा वास!" आत्याने नाक मुरडलं. "दादा, अत्तरसुद्धा तुझ्यासारखंच काळंकुट्ट नि घुमं!"

"हं," काका म्हणाला आणि भाकऱ्या थापू लागला.

"थांब ना आत्या, बसू दे की वास."

हळूहळू वास उलगडला. आधी पाणी प्यायलेली माती, मग चुलीतली ऊबदार राख, मग मुळांचा गार, गोडसर अंधार. जेवताना काकाने न बोलता हौशीच्या भाकरीचा करपलेला पापुद्रा काढून स्वतःच्या ताटात घेतला.

आत्याचा घास हातातच राहिला. "दादा, लहानपणी माझ्याही भाकरीचा घ्यायचास तू," ती हळूच म्हणाली. "विसरलेच होते बघ." मग तिने हौशीला जवळ घेतलं. "सकाळी तूच सांग हो बाळ, कुठे राहायचं ते."

कोवळ्या उन्हात परी झुबक्यावर झुलत होती. "बोल, कसा हवा काका?"

"आहे तसाच," हौशी म्हणाली. "त्याचा वास उशिरा कळतो, परीताई, पण मग जातच नाही. त्याला मुळीच बदलू नकोस."

परीचे पंख झळाळले. सोनेरी उजेडाचा एक लोट ओढ्यावरून लहरत गेला, लोकांनी फेकलेल्या झुबक्यांनाही लुसलुशीत हिरवे कोंब फुटले, आणि परी त्या उजेडात विरून गेली.

हौशी धावत घरी आली. आत्या गाठोडं बांधून दारात उभी होती.

"मी काकाकडेच राहणार!"

"अगं, हा दिवसभरात चार शब्द बोलत नाही!"

"नसू दे," हौशीने काकाचं बोट घट्ट धरलं. "दोघांच्या वाटचं मी बोलेन!"